तपासनिसाला काका नसतो

पहिल्याच भेटीत काकांनी माझ्या हातात स्टीलची फूटपट्टी दिली आणि खोली मोजायला सांगितली. डार्विनच्या बाहेर, हायवेपासून बरंच आत, आंब्याच्या झाडांत त्यांचं पत्र्याचं घर होतं. मी दोन बॅगा घेऊन दारात उभी, घामाने निथळतेय, आणि हे गृहस्थ म्हणतात, "जाहिरातीत मी बारा बाय दहा लिहिलं आहे. आधी मोजून घे, मग सामान आत आण."

मी मोजली. लांबी बाराला तीन इंच कमी भरली. आता वडिलांपेक्षा मोठ्या माणसाला, त्याच्याच घरात उभं राहून, पहिल्याच दिवशी तीन इंच कमी आहेत असं कोण सांगेल? मी म्हटलं, "बरोबर आहे काका. बारा."

"पावणेबारा आहे," ते म्हणाले. "मले माहीत आहे. तू काय सांगते ते पाहत होतो." मग फूटपट्टी परत घेत म्हणाले, "तपासनिसाला काका नसतो, पोरी."

मला काही कळलं नाही. माणूस विक्षिप्त आहे एवढंच कळलं. पण खोली घेतली, कारण दुसरी परवडत नव्हती.

तेव्हा पुण्यात ज्याला त्याला ऑस्ट्रेलियाचं वेड लागलं होतं. आमच्या गल्लीतल्या ज्या मुलाने जन्मात चहा केला नव्हता तो मेलबर्नला कुकरी शिकायला गेला होता. माझ्या एजंटने मला समुद्राचा फोटो दाखवला, "डार्विन रीजनल आहे, तिथे कायम राहायचे पॉइंट जास्त मिळतात" असं सांगितलं आणि नर्सिंगला पाठवून दिलं. त्या समुद्रात मगरी असतात म्हणून कुणी उतरत नाही, हे मला इथे आल्यावर समजलं.

काका मूळचे नागपूरकडचे. तरुणपणी तिथल्या दारूगोळ्याच्या कारखान्यात आधी फिटर, मग तपासनीस. एकोणीसशे ऐंशीच्या आसपास डार्विनला वर्कशॉपच्या नोकरीवर आले आणि राहिले. लग्न झालं होतं. बायको दोन वर्षांत उकाड्याला कंटाळून परत गेली म्हणे. नागपूरच्या बाईने उकाड्याला कंटाळावं, म्हणजे कारण काहीतरी वेगळंच असणार. पण मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी सांगितलं नाही.

घरात सगळ्यावर मापं लिहिलेली. पाण्याच्या पिंपावर खुणा, दारांच्या चौकटींवर पेन्सिलीचे आकडे, मिठाच्या बरणीवरसुद्धा तारीख. मी युनीतून आले की "कसा गेला दिवस?" असं ते विचारत नसत. विचारत, "किती वं?" म्हणजे बस किती मिनिटं लेट, लेक्चरला किती जण, परीक्षेत किती मार्क. सुरुवातीला याचा मला वैताग यायचा. माणूस आहे की मीटर! पण परक्या देशात, दिवसभर "हाउ आर यू" आणि "नो वरीज" ऐकून आल्यावर, आपल्या उत्तराची खरोखर वाट पाहणारं एक माणूस घरी आहे, याची सवय लागली. मग मीच बसमध्ये आकडे जमवत बसायचे.

दर रविवारी सकाळी ते पांढरा सदरा घालून बुद्धाच्या लहानशा मूर्तीसमोर मेणबत्ती लावत आणि त्रिशरण पंचशील म्हणत. पहिलंच शील, जीव घेणार नाही. आणि त्याच भिंतीच्या पलीकडे, कुलूपबंद लोखंडी कपाटात, बंदूक.

मी न राहवून एकदा विचारलंच.

"वर्षातून एक हंस," ते म्हणाले. "शील मोडतो. मोडत नाही असं म्हणत नाही. मोडतो, आणि पुढच्या रविवारी पुन्हा घेतो."

तो एक हंस बेरिलसाठी असे. बेरिल शेजारच्या जमिनीवर एकटी राहणारी ऐंशीच्या पुढची बाई. हात थरथरायचे, जीभ मात्र ठणठणीत. काका डार्विनमध्ये नवखे असताना तिच्या नवऱ्याने त्यांना आधार दिला होता, पुढे आपल्या जमिनीचा मागचा तुकडाही दिला. हंसांच्या शिकारीचा सीझन सुरू झाला की पहिल्या रविवारी तो एक रानहंस मारून आणायचा आणि बेरिल तो बटाट्यांबरोबर भाजायची. मरताना त्याने आपली बंदूक काकांच्या नावावर करायला सांगितली आणि म्हणाला, "सी दॅट शी गेट्स हर गूज, मेट." काका त्याला हो म्हणाले. त्याला अठरा वर्षं झाली होती. दर वर्षी काका हंस साफ करून बेरिलच्या दारात नेऊन देत आणि तिथूनच परत फिरत. स्वतः मांस खात नसत.

बंदूक जुनी होती, छऱ्यांची. पुढची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलली की रिकामं काडतूस बाहेर आणि भरलेलं आत, म्हणून तिला पंप म्हणतात. या देशात पंप बंदूक सहसा कुणाला ठेवू देत नाहीत. काकांना शेतकरी म्हणून परवाना होता. मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा अडचण वेगळीच उभी राहिली होती. पाणथळीत शिशाचे छर्रे वापरायला बंदी, फक्त पोलादी चालतील. पाण्यात पडलेलं शिसं पक्षी दाण्यांबरोबर गिळतात आणि झिजून मरतात. काकांना हा नियम मनापासून पटला होता. "शिसं खाऊन मरणारा पक्षी कोणाच्याच जेवणासाठी मरत नाही," ते म्हणत. पण पोलाद कडक. जुन्या नळीचं तोंड शिशाच्या हिशोबाने आवळलेलं. त्यातून ते सुखरूप जाईना.

बंदूकदुरुस्तीवाल्याने सरळ सांगितलं, नवी घ्या. काकांनी नळी उचलून त्याच्यासमोर धरली आणि कुठून किती घासायची, आटे कसे पाडायचे, हे त्यालाच समजावून सांगितलं. तासाभराने तो म्हणाला, "यू वॉन्ट अ जॉब, मेट?" शेवटी त्याने नळीचं तोंड मोकळं करून आतून आटे पाडून दिले. त्यात वेगवेगळ्या मापांच्या छोट्या नळ्या फिरवून बसवायच्या. त्यांना चोक म्हणतात. जशी नळी तसे छर्रे कमीजास्त पसरतात.

बाकीचं काम काकांनी घरी केलं. अख्खा पावसाळा ते ओट्यावर बसून लाकूड घासत होते. खांदा दुखायचा म्हणून दस्ता इंचभर कापून मागे रबराची गादी बसवली. पंप इतका गुळगुळीत केला की सरकवताना कपाटाचा खण लागावा तसा हलका आवाज यायचा. नेम धरायचा टोकावरचा पितळी ठिपका, ज्याला ते माशी म्हणत, काढून तिथे झगझगीत हिरवा ठिपका लावला.

"पितळी छान दिसत होता की," मी म्हटलं.

"दिसायले छान होता," ते म्हणाले.

त्याच सुमाराला त्यांनी आपली यूट, मागे उघडा हौदा असलेली गाडी, मला चालवायला द्यायला सुरुवात केली. "तुले सवय पाहिजे." मी खूश. नर्सिंगची विद्यार्थिनी मी, डोळ्यांवर अख्खं युनिट शिकलेली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. किंवा पडला असेल, मी बघितलं नाही.

पाऊस संपला, कोरडा मोसम लागला आणि चाचण्या सुरू झाल्या. आंबे बांधायचा तपकिरी कागद, चार कोपऱ्यांना चार खिळे मारून फळीवर ताणायचा. बरोबर मधोमध मार्करने हंस काढायचा. तीस मीटरवरून एक बार. मग हंसाभोवती पाऊण मीटरचं वर्तुळ काढायचं आणि त्यातली भोकं मोजायची. नव्वद भरली तर हंस जागीच पडतो. कमी भरली तर जखमी होऊन उडतो. काकांची सारी खटपट एवढ्यासाठीच होती. "मारायचा पक्षी मारायचा. दुखवायचा नाही. दुखवला म्हणजे मी दोन शीलं मोडली."

मोजायचं काम माझं. काका स्वतः कागदाजवळसुद्धा येत नसत. कारखान्याचा नियम, बनवणाऱ्याने आपला माल तपासायचा नाही. ते तीस मीटरवर बंदूक उघडी, रिकामी करून उभे राहत आणि ओरडत, "किती वं?" मी खिळा, दोरी, लाल पेन घेऊन एकेक भोक खूण करत मोजायचे आणि ओरडून सांगायचे. एकसष्ट. चोक बदला. अठ्ठ्याहत्तर. पुन्हा बदला. ज्या दिवशी ब्याण्णव निघाली त्या दिवशी त्यांनी शिरा केला. साखर मोजून घातली होती, तरी कमी पडली.

सीझनच्या आदल्या दिवशी, शनिवारी, शेवटची चाचणी. बार झाला. मी कागदापाशी गेले आणि थांबले.

हंस जवळजवळ कोरा होता. छर्रे सगळे वर डावीकडे, कागदाच्या कोपऱ्याकडे एकत्र बसलेले. बंदुकीचं काम चोख होतं. मधमाश्यांसारखी दाट, सारखी भोकं. पण हंस जिथे होता तिथे नव्हती.

"किती वं?"

मी मागे वळून पाहिलं. काका उन्हात उभे, मान थोडी तिरकी. बघायचं असलं की ते हल्ली मान तिरकी करत. आणि मला सगळं एकदम दिसलं: हिरवी माशी, यूटची किल्ली, बरणीवरची मोठाली होत गेलेली अक्षरं.

आमच्या घरी आजोबांना दिसत नाही हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त आजोबांना कुणी सांगितलं नव्हतं. पेपर त्यांच्या हातात उलटा आला की कुणीतरी न बोलता सरळ करून द्यायचं. याला आम्ही मान राखणं म्हणायचो. त्यांना सांगणारा माणूस आमच्या घरात उद्धट ठरला असता.

मी खिळा छऱ्यांच्या मधोमध ठोकला. दोरी फिरवली. वर्तुळ अगदी गोल आलं. मोजलं.

"चौऱ्याण्णव, काका!"

आकडा खोटा नव्हता. मी स्वतःला तेच सांगत कागद गुंडाळला.

रविवारी पहाटे मी यूट चालवत त्यांना पाणथळीवर नेलं. उजाडताना हंस आले. काळे-पांढरे, मान पुढे ताणलेले, भोंगे वाजवत. काकांनी बराच वेळ वाट पाहिली. जवळून एक जोडी गेली तशी बंदूक खांद्याला लागली आणि बार झाला. एक हंस हवेत वाकडा झाला. पडला नाही. एक पंख लटकता ठेवून, खाली खाली जात, लांब लव्हाळ्यात उतरला.

काकांना तो दिसला नव्हता. "पडला?" त्यांनी विचारलं.

आता मला खोटं बोलता आलं नाही. "नाही. पंखाला लागलं. तिकडे, लव्हाळ्यात."

त्यांनी बंदूक रिकामी करून यूटमध्ये बंद केली, काठी घेतली आणि पाण्यात उतरले.

"काका, मगर असेल! बाहेर या!"

"तो आत आहे नं," ते म्हणाले.

तीन तास. ऊन डोक्यावर आलं, पाणी त्यांच्या गुडघ्यांच्या वर. काठावरून मी रडत, ओरडत दिशा सांगत होते. लव्हाळ्यात कुठेतरी फडफड ऐकू यायची आणि थांबायची. शेवटी ती पूर्ण थांबली. हंस आम्हाला मिळाला नाही. काका बाहेर आले, पायाला जळवा लागलेल्या.

घरी आल्यावर म्हणाले, "कालचा कागद दे."

मी दिला. त्यांनी तो टेबलावर पसरला. डोळ्यांनी बघायचा प्रयत्नच केला नाही. बोटांनी चार कोपऱ्यांतली खिळ्यांची चार भोकं शोधली, स्टीलची फूटपट्टी कोपऱ्याकोपऱ्यात तिरकी धरून कागदाचा मध्य काढला आणि तिथे एक बोट ठेवलं. मग दुसऱ्या हाताने चाचपडत माझ्या दोरीच्या खिळ्याचं भोक शोधलं. दोन बोटांत दोन वितींहून जास्त अंतर होतं. ते कितीतरी वेळ ती दोन बोटं तशीच ठेवून बसले.

"वर्तुळ सुबक काढलं," ते म्हणाले. "जागा चुकली."

"काका, मला वाटलं..."

"इथे किती आहेत? हंसाभोवती."

मी वर्तुळ काढलं. मोजली. "एकोणीस."

"एकोणीस," ते म्हणाले. मी टेबलावर डोकं टेकून हमसून रडले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "चूक माझी आहे. मोजणारीकडून मी काका म्हणवून घेतलं. कारखान्यात असं चालत नसे. तपासनीस मामाचा पोरगा असला तरी त्या वेळी मामाचा पोरगा नसे." मग म्हणाले, "मोजताना मले काका म्हणू नको. मोजून झालं की म्हण."

संध्याकाळी बेरिलकडे जायचं होतं. मी म्हटलं, मी एकटी जाऊन सांगते. ते म्हणाले, वचन मी दिलं होतं. त्यांनी वंदनेचा पांढरा सदरा घातला, दोन पिकलेले आंबे घेतले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत निघाले. खांद्यावर हात ठेवून चालण्याची ती पहिलीच वेळ.

बेरिल दारातच होती. भाजलेल्या बटाट्यांचा वास बाहेरपर्यंत येत होता. काकांनी इंग्रजीत, कारखान्यातला रिपोर्ट द्यावा तसं सगळं सांगितलं. हंस जखमी झाला. सापडला नाही. मला आता दिसत नाही. यापुढे हंस मिळणार नाही. आय अॅम सॉरी, बेरिल.

बेरिल म्हणाली, "सो यू कॅन स्टे फॉर टी, देन?"

टी म्हणजे तिच्या भाषेत रात्रीचं जेवण. काकांना कळेना.

"एटीन यर्स यू ड्रॉप अ डेड बर्ड ॲट माय डोअर ॲन्ड रन. आय थॉट इट वॉज माय कुकिंग." तिने दार सताड उघडलं. "देअर्स ओन्ली स्पड्स. कम इन, यू सिली ओल्ड बगर. यू टू, लव्ह."

काका आत गेले. आम्ही तिघांनी बटाटे खाल्ले, वर आंबे. बेरिलने नवऱ्याची खुर्ची काकांना दिली. काका जेवताना एकदाच बोलले, मराठीत, माझ्याकडे न बघता: "अठरा वर्षं मी हिले एकटीले जेवू घातलं वं."

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेला होता, कडेचं तेवढं दिसत होतं. बंदूक त्यांनी स्वतः पोलीस स्टेशनला जमा केली. द्यायच्या आधी शेवटचं तेल दिलं आणि पंप एकदा सरकवून आवाज ऐकला. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "ब्यूटिफुल जॉब, हू डिड धिस?" काकांनी नुसतं हसून सही केली. तो कागद मात्र त्यांनी भिंतीवर लावला, दोन्ही वर्तुळांसकट. आणि मी वेस्टमीड हॉस्पिटलात नोकरी लागून सिडनीला जाईपर्यंत ते दर रविवारी वंदना झाली की बेरिलकडे जेवायला जात राहिले.

सिडनीला त्यांचा फोन यायचा. "किती वं?" वॉर्डात पेशंट किती, ट्रेन किती लेट, झोप किती तास. मी खरे आकडे सांगायचे. झोपेचासुद्धा.

बेरिल गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी काकांना डार्विनच्या हॉस्पिटलात ठेवल्याचा फोन आला. फॉर्मवर नातेवाईक या रकान्यात त्यांनी माझं नाव लिहिलं होतं. मी विमानाने गेले. डॉक्टर, नर्सेस सगळी चांगली माणसं, सगळी गोड बोलत होती, "वी विल सी हाउ वी गो." मी बाहेर त्यांच्याशी सविस्तर बोलले, सगळे रिपोर्ट वाचले आणि आत गेले.

काका खूप लहान दिसत होते. मान तिरकी करून त्यांनी मला शोधलं.

"इथे कोणी आकडा सांगत नाही," ते म्हणाले. "किती वं?"

पलंगाचा कठडा मी दोन्ही हातांनी धरला. ओठांवर आलेला शब्द गिळला.

"दोन आठवडे. फार तर तीन. महिना नाही."

चादरीवर त्यांची बोटं थोडी सरकली, काहीतरी मोजल्यासारखी, आणि थांबली. चेहऱ्यावरचा ताण उतरला. कितीतरी दिवसांनी त्यांना कुणीतरी धड उत्तर दिलं होतं.

"नीट मोजलं?"

"दोनदा मोजलं."

"झालं मोजून?"

"झालं."

"मग म्हण आता."

मी कडेला बसले, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "काका."